चुली मोजणारा कायदा

एका घरात किती कुटुंबे राहतात, हा प्रश्न वरकरणी अगदी बाळबोध वाटतो. आळीतील कोणीही वृद्ध गृहस्थ त्याचे उत्तर बसल्या जागेवरून देईल. वाडा एक; पण थोरल्याची चूल वेगळी, धाकट्याची वेगळी आणि मागच्या सोप्यातील भाडेकरूची तिसरी; तेव्हा कुटुंबे तीन. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा बेळगाव येथील जुन्या वाड्यांतून वाढलेल्या मंडळींना हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. ‘वेगळी चूल मांडली’ एवढे म्हटले की एका घराची दोन घरे झाली, हे मराठी माणसास उमगते. परंतु हाच प्रश्न कायद्यापुढे उभा राहिला म्हणजे त्याचा बाळबोधपणा संपतो. घर एका कुटुंबाचे की अनेक कुटुंबांचे, या निर्णयावर तेथे आगीच्या वेळी उतरण्याचा जिना हवा की नको, मालकाला भाडे वसूल करता येईल की नाही, आणि क्वचित प्रसंगी आजीला आपल्या नातवास घरात ठेवता येईल की नाही, हेही अवलंबून राहते. या प्रश्नाचा मोठा उद्बोधक इतिहास अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात घडला; आणि तेथेही कायद्याने प्रथम हाती धरली ती चूलच.

राजसत्तेने प्रजेच्या चुली मोजाव्यात, यात तसे नवल काही नाही. इंग्लंडात १६६२ साली दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसविण्यात आला आणि तो वसूल करण्यासाठी अधिकारी घराघरांत शिरू लागले. लोकांना ही झडती इतकी जाचक वाटली की १६८९ साली तो कर रद्द करावा लागला. तेथे चूल मोजली जात होती ती खजिन्यासाठी. न्यूयॉर्कमध्ये ती मोजली गेली ती वेगळ्याच कारणासाठी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्कची वस्ती विलक्षण वेगाने वाढत होती. १८५० साली तेथे सुमारे सव्वापाच लक्ष लोक होते. १८६० साली ते आठ लक्षांवर गेले. आयर्लंड आणि जर्मनी येथून आलेली गरीब माणसे बंदरावर उतरत आणि जवळच मिळेल त्या खोलीत बिऱ्हाड करीत. शहराची आखणी १८११ साली झाली होती आणि तीत घराचा सर्वसाधारण तुकडा पंचवीस फूट रुंद व शंभर फूट लांब एवढा ठरून गेला होता. एका सुखवस्तू कुटुंबासाठी योजिलेल्या या चिंचोळ्या तुकड्यावर मालकांनी पाच-पाच, सहा-सहा मजले चढविले आणि एकेका मजल्यावर चार-चार बिऱ्हाडे बसविली. रस्त्याकडील व परसाकडील खोल्यांना तेवढी हवा मिळे. मधल्या खोल्यांत दिवसाही काळोख असे. शौचकूप परसात, पाण्याचा नळ परसात, आणि उतरण्यास एकच लाकडी जिना. मुंबईच्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या इमारतींचे चित्र सहज डोळ्यांपुढे आणता येईल. इंग्रजीत त्यांना ‘टेनेमेंट हाऊस’ असे नाव पडले.

१८६३ साली सक्तीच्या लष्करभरतीवरून न्यूयॉर्कमध्ये भयंकर दंगल उसळली, आणि ही चिंचोळ्या घरांतली दुनिया प्रतिष्ठित नागरिकांच्या प्रथमच नजरेत भरली. त्यानंतर नागरिकांच्या एका मंडळाने डॉक्टरांकरवी घरोघरची पाहणी करविली आणि १८६५ साली तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. शहरात अशा १५,०००हून अधिक इमारती असून निम्म्याहून अधिक वस्ती त्यांत राहते, असे त्यातून दिसले. १८६६ साली आरोग्यमंडळ स्थापन झाले आणि १८६७ साली न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने भाड्याच्या चाळींविषयीचा पहिला व्यापक कायदा केला.

कायदा करावयाचा तर प्रथम व्याख्या हवी. चाळ म्हणावयाची कशाला? मजल्यांवरून ठरवावे, तर श्रीमंतांची घरेही उंच होती. माणसांच्या संख्येवरून ठरवावे, तर एखाद्या मोठ्या कुटुंबातही नोकरचाकर धरून वीस माणसे भरत. नात्यावरून ठरवावे, तर दारोदार फिरणाऱ्या निरीक्षकाने कोण कोणाचा कोण हे कसे ओळखावे? अखेर कायदेकर्त्यांनी असे ठरविले की, ज्या भाड्याच्या घरात तीनहून अधिक कुटुंबे एकमेकांपासून स्वतंत्र राहतात आणि त्याच जागी आपापला स्वयंपाक करतात, किंवा एकाच मजल्यावर अशी दोनहून अधिक कुटुंबे राहून वाटा, जिने, परसू व शौचकूप सामाईक वापरतात, ते टेनेमेंट होय. अशा घराला आगीच्या वेळी बाहेर पडण्याची सोय हवी. वीस माणसांमागे निदान एक शौचकूप हवा. चूल ही डोळ्यांनी दिसणारी वस्तू होती. तिचे धुराडे लपत नव्हते, तिच्याभोवतीची माणसे लपत नव्हती. नाते विचारण्यापेक्षा चूल मोजणे सोपे होते, आणि प्रामाणिकपणाचेही होते.

तथापि कायद्यात आकडा आला की त्या आकड्याच्या काठावर वस्ती करणारे निर्माण होतात. ‘तीनहून अधिक’ असे म्हटल्यावर तीन बिऱ्हाडांची घरे नियमांतून सुटली. पुढे १८८७ साली ही मर्यादा खाली आणून ‘तीन किंवा अधिक’ अशी करण्यात आली. एका कुटुंबाचा हा फरक. परंतु त्यामुळे पूर्वी ‘घर’ असलेल्या कित्येक इमारती, एक वीटही न हलता, कायद्याने ‘चाळ’ झाल्या. १९०१ साली, गव्हर्नर थिओडोर रूझवेल्ट यांनी नेमलेल्या आयोगाच्या शिफारशींवरून, अधिक कडक कायदा झाला. नव्या इमारतीत प्रत्येक खोलीला बाहेरच्या हवेची खिडकी आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र शौचकूप आवश्यक ठरला. त्यासाठी नेमलेल्या खात्याने पाहणी केली, तेव्हा शहरात ८०,०००हून अधिक चाळी आणि त्यांत सुमारे साडेतीन लक्ष बिनखिडकीच्या अंधाऱ्या खोल्या आढळल्या.

मालकांनी हा कायदा निमूटपणे मानला असे नाही. जुन्या इमारतींच्या परसातील सामाईक, घाण साठविणारे शौचकूप काढून टाकण्याची सक्ती झाली, तेव्हा एका मालकिणीच्या नावाने खटला उभा राहिला. मालमत्ता आमची, तिच्यावर हा भुर्दंड का, असा वाद होता. न्यूयॉर्कच्या श्रेष्ठ न्यायालयाने १९०४ साली आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०६ साली कायद्याची बाजू उचलून धरली. ज्या घरात अनेक कुटुंबे एका जिन्याने चढतात आणि एका परसात उतरतात, त्या घराचा कारभार केवळ मालकाचा खासगी मामला राहत नाही, हे तत्त्व या निर्णयाने पक्के झाले.

ऑर्चर्ड स्ट्रीटवरील ९७ क्रमांकाच्या इमारतीत हा सारा इतिहास एका छपराखाली पाहावयास मिळतो. ती १८६३ साली, म्हणजे पहिल्या कायद्याच्या चार वर्षे अगोदर, बांधली गेली. पुढील सुमारे सत्तर वर्षांत तेथे निरनिराळ्या देशांतून आलेली अंदाजे सात हजार माणसे राहून गेली. कायदे बदलत गेले तसे तिच्या भिंतींना आतल्या खिडक्या फुटल्या आणि घरात शौचकूप आले. १९३५ साली आणखी सुधारणा करण्यापेक्षा वरचे मजले रिकामे करणे मालकाला परवडले. बिऱ्हाडकरू निघून गेले आणि खोल्यांना कुलपे लागली. आज तेथे संग्रहालय आहे. माणसांच्या रक्षणासाठी केलेला नियम कधी कधी त्याच माणसांना घराबाहेर काढण्याचे निमित्त होतो, ही गोष्टही त्या कुलूपबंद खोल्या सांगतात.

या व्याख्येचा एक गमतीचा परिणाम असा झाला की ती गरिबांपुरती राहिली नाही. १८७० च्या सुमारास रिचर्ड मॉरिस हंट या वास्तुशिल्पज्ञाने पॅरिसच्या धर्तीवर सुखवस्तू लोकांसाठी बिऱ्हाडांची एक देखणी इमारत उभारली. १८८४ साली ‘डाकोटा’ नावाचा प्रासादतुल्य वाडा पुरा झाला. तेथे धनिक कुटुंबे स्वतंत्रपणे राहत आणि प्रत्येकाचा स्वयंपाक वेगळा होई. म्हणजे कायद्याच्या भाषेत डाकोटाही चाळच! चूल कोणाच्या मालकीची, ती लोखंडी की चिनी मातीच्या फरशांनी मढविलेली, हे कायदा विचारीत नव्हता.

मग युक्तिबाज बांधकामवाल्यांनी चूलच काढून टाकली. स्वयंपाकघर नसलेली बिऱ्हाडे बांधावयाची, जेवण खालच्या भोजनगृहातून पुरवावयाचे आणि इमारतीला ‘हॉटेल’ म्हणावयाचे, अशी वहिवाट पडली. चूल नाही म्हणून ती टेनेमेंट नाही; आणि टेनेमेंट नाही म्हणून रस्त्याच्या रुंदीच्या दीडपटीहून उंच न बांधण्याचा चाळींचा निर्बंध तिला लागू नाही! पुढे वीज आली, लहान शेगड्या आल्या, आणि ‘हॉटेला’तील कोठीच्या खोलीत गुपचूप भाजी शिजू लागली. निरीक्षकांनी शेगडी शोधावी आणि बिऱ्हाडकरूने ती कपाटात ढकलावी, अशी स्थिती झाली. शेवटी १९२९ साली ‘बहुकुटुंब निवासा’चा नवा कायदा झाला आणि ही हॉटेलेही त्याच्या कक्षेत आली. तीन किंवा अधिक कुटुंबे परस्परांपासून स्वतंत्र राहत असतील तर ते बहुकुटुंब निवास, असे ठरले. कुटुंब म्हणजे काय, हेही तेथे सांगितले गेले. एकत्र राहून सामाईक संसार चालविणारी माणसे ती एक कुटुंब. त्यांनी चारपर्यंत पोटभाडेकरू वा जेवणकरी ठेवले तरी कुटुंब एकच. रक्ताच्या नात्याची अट त्या व्याख्येत नव्हती.

येथे आपल्याकडील कायद्याशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. कारण चुलीचा प्रश्न हिंदुस्थानातील न्यायालयांपुढेही आला होता, पण त्याचे उत्तर उलट मिळाले. एकत्र हिंदू कुटुंब विभक्त केव्हा झाले, या वादात प्रिव्ही कौन्सिलने १८६६ साली असे सांगितले की, वाटणी ही मूलतः इराद्याची गोष्ट आहे. हिस्से निश्चित करण्याचे ठरले की जमिनीवर रेषा ओढल्याविनाही कुटुंब विभक्त होते. पुढे १९०३ साली त्याच न्यायपीठाने म्हटले की, जेवणखाण वेगळे होणे हा विभक्तपणाचा एक पुरावा खरा, परंतु तेवढ्याने निर्णय होत नाही. सासू-सुनेचे पटले नाही म्हणून चुली दोन झाल्या, तरी भाऊ मालमत्तेत एकत्रच असू शकतात. याउलट जनगणनेच्या वहीत सर्वसाधारणपणे एका स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे ते एक कुटुंब. तेव्हा एखाद्या वाड्यात दोन भाऊ दोन चुली मांडून राहत असतील, तर जनगणनेच्या कारकुनाला ती दोन कुटुंबे दिसतील आणि वारशाचा खटला चालविणाऱ्या न्यायाधीशाला कदाचित एकच. दोघांपैकी चुकीचा कोणीही नाही. एकाला तोंडे मोजावयाची आहेत, दुसऱ्याला हक्क. मोजणी कशासाठी चालली आहे, हे कळल्याविना ‘कुटुंबे किती’ या प्रश्नाला उत्तर नाही.

मोजणीचा हेतू बदलला म्हणजे काय होते, हे अमेरिकेत पुढे दिसून आले. न्यूयॉर्कने कुटुंबे मोजली ती आत राहणाऱ्यांच्या रक्षणार्थ. विसाव्या शतकात अनेक उपनगरांनी ती मोजली ती नको असलेल्यांना बाहेर ठेवण्यासाठी. ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहराच्या युक्लिड या उपनगराने १९२२ साली आपल्या जमिनीचे विभाग पाडले. एका विभागात केवळ एका कुटुंबाची स्वतंत्र घरे, दुसऱ्यात दोन कुटुंबांचीही, आणि बहुबिऱ्हाडी इमारती त्याच्याही पुढच्या विभागात. एका जमीनमालक कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली. १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ही विभागणी वैध ठरविली. बिऱ्हाडांच्या मोठ्या इमारती शेजारच्या घरांचा उजेड आणि हवा अडवितात, असे कारण निकालात देण्यात आले. ज्या उजेडासाठी आणि हवेसाठी चाळीतील माणसाचा कैवार घेतला गेला होता, तोच उजेड आणि तीच हवा आता त्याला चांगल्या वस्तीबाहेर ठेवण्याचे कारण झाली.

एकदा ‘एककुटुंब घर’ असा विभाग पाडला की कुटुंबाची व्याख्या आवळण्यास वेळ लागत नाही. लाँग आयलंडवरील बेल टेर या चिमुकल्या गावाने ठरविले की, रक्ताचे, दत्तकाचे वा विवाहाचे नाते नसलेली दोनच माणसे एका घरात एक कुटुंब म्हणून राहू शकतील. तेथे सहा विद्यार्थ्यांनी एकत्र घर भाड्याने घेतले होते. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाचा नियम मान्य केला. मग क्लीव्हलंडचेच दुसरे उपनगर, ईस्ट क्लीव्हलंड, याहून पुढे गेले. तेथील व्याख्येने नात्यातल्या नात्यातही निवड केली. घरच्या प्रमुखाबरोबर त्याच्या एकाच अपत्याचा परिवार राहावा, दुसऱ्याचा नव्हे. एक आजी आपला मुलगा, त्याचा मुलगा आणि दुसऱ्या मुलाचा मुलगा यांच्यासह राहत होती. हा दुसरा नातू तान्हा असताना त्याची आई वारली आणि तो आजीकडे वाढला. ते दोन नातू सख्खे भाऊ असते तर हरकत नव्हती. ते चुलतभाऊ होते, हा अपराध! नातवाला घराबाहेर काढण्याचा हुकूम आजीने मानला नाही, म्हणून तिला पाच दिवसांची कैद आणि पंचवीस डॉलर दंड झाला.

१९७७ साली हा ‘मूर विरुद्ध ईस्ट क्लीव्हलंड’ खटला सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी आजीच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती पॉवेल यांनी आपल्या निकालपत्रात आजी-आजोबा, काका-मामा आणि चुलत भावंडे यांनी एका छपराखाली राहण्याच्या परंपरेला आईबाप-मुलांच्या कुटुंबाइतकेच मोल दिले. मराठी वाचकाला यात सिद्ध करण्यासारखे काय होते, असे वाटेल. ज्या घरी चुलतभावंडे एका पंक्तीला जेवत नाहीत ते घरच अपुरे, अशी आपल्याकडील समजूत. परंतु त्या आजीला आपले घर एक आहे हे सिद्ध करण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि तेथेही ती एका मताने जिंकली. न्यूयॉर्क राज्याच्या श्रेष्ठ न्यायालयाने १९८५ साली त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. केवळ रक्तसंबंधावर कुटुंब ठरविणारा एका गावाचा नियम त्याने रद्द केला.

मग घर बहुकुटुंब आहे की नाही, हा वाद आज न्यूयॉर्कमध्ये कसा सुटतो? प्रथम इमारतीचा वापर-दाखला पाहतात. पण दाखल्याने वाद संपत नाही. दाखल्यावर दोन कुटुंबांचे घर असले आणि मालकाने तळघरात तिसरे बिऱ्हाड बसविले, तर न्यायालय त्या घराला प्रत्यक्ष व्यवहाराने बहुकुटुंब निवास समजते. योग्य दाखला नसता मालकाला भाड्याची दाद मागता येत नाही. कागदाहून वस्तुस्थिती बलवान, हे तत्त्व असे स्थिरावले. जुन्या कारखान्यांच्या आणि वखारींच्या माळ्यांवर चित्रकार व कारागीर बिऱ्हाडे करून राहू लागले होते. १९८२ साली कायद्याने त्यांच्या राहण्याला मान्यता देऊन त्या जागा सुरक्षित करण्याची जबाबदारी मालकांवर टाकली. आधी वस्ती झाली, मागाहून कायदा आला. पण आला तो माणसांना उठविण्यासाठी नव्हे, त्यांची मोजदाद करून घेण्यासाठी.

जेथे ही मोजदाद होत नाही तेथे काय घडते, हे १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री दिसले. ‘आयडा’ वादळाच्या अवशेषांनी न्यूयॉर्कवर अभूतपूर्व पाऊस पाडला. शहरात त्या रात्री तेरा माणसे मृत्यू पावली; त्यांपैकी अकरा तळघरांतील बिऱ्हाडांत होती. अशा बहुतेक जागांना राहण्याचा परवाना नव्हता. कायद्याच्या वहीत ती बिऱ्हाडे अस्तित्वातच नव्हती, म्हणून बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग तेथे आहे की नाही हे कोणी तपासले नव्हते. १८६७ च्या कायद्याने जी गोष्ट सर्वांआधी मागितली होती, ती संकटकाळी सुटकेची वाट, दीडशे वर्षांनंतरही त्या माणसांच्या वाट्याला आली नाही.

दीडशे वर्षांच्या या इतिहासात व्याख्या अनेक झाल्या. कोणी चुली मोजल्या, कोणी नाती मोजली, कोणी दाखला पाहिला, कोणी प्रत्यक्ष संसार पाहिला. यांपैकी निर्दोष अशी एकही ठरली नाही. प्रत्येकीच्या काठावर कोणीतरी सुटले किंवा कोणीतरी अडकले. तरीही ज्या वेळी मोजणाऱ्याने आतल्या माणसाचा जीव, उजेड आणि हवा यांची काळजी वाहिली, त्या वेळी ओबडधोबड व्याख्येनेही पुष्कळ काम केले. आणि ज्या वेळी ती काळजी सुटली, त्या वेळी रेखीव व्याख्येने एका आजीला कैदेची शिक्षा दिली. आपल्याकडेही जुन्या वाड्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहत आहेत. ‘येथे कुटुंबे किती’ असा प्रश्न घेऊन कोणी अधिकारी दारात आला, तर त्याला उत्तर देताना तो कशासाठी विचारीत आहे हेही नागरिकांनी विचारून घ्यावे. तसे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे.